आपला क्लब आता सामान्य आहे, हे मान्य करताना : फुटबॉलप्रेमींसाठी अनुभव धागा

२०२४-२५ चा प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल स्पर्धेचा, हंगाम संपला तेव्हा गुणतक्त्यात मँचेस्टर युनायटेड १५ व्या आणि टॉटनहॅम १७ व्या क्रमांकावर होते, आणि त्याच मे महिन्यात हे दोन संघ युरोपा लीगच्या अंतिम सामन्यासाठी स्पेनमधल्या बिल्बाओमध्ये एकमेकांसमोर उभे ठाकले होते. देशातल्या स्पर्धेत तळाशी पोहोचलेले दोन संघ युरोपीय करंडकासाठी झुंजतात आणि दोन्हीकडचे चाहते मिळेल त्या मार्गाने तिथे जाऊन पोहोचतात, हे पाहून हा धागा काढावासा वाटला. जिंकणाऱ्या संघावर प्रेम का जडते, हे सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण ज्याला आपण थोर मानले तो संघ वर्षानुवर्षे मधल्या किंवा खालच्या फळीत रेंगाळतो, प्रशिक्षक बदलतात, मालक बदलतात आणि गुणतक्ता काही बदलत नाही, अशा काळात चाहत्याच्या मनात काय चालते, याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

म्हणून सर्वांना आग्रहाचे निमंत्रण. आपला क्लब इंग्लंडमधला असो, इटलीतला असो, कोलकात्यातला असो किंवा आपल्या पेठेतला, तो आता पूर्वीचा राहिलेला नाही हे आपल्याला कधी उमगले, त्याचे कारण आपल्या मते काय, आणि तरीही आपण सामना का पाहता, एवढे मोकळेपणाने लिहावे. प्रतिस्पर्धी क्लबांच्या चाहत्यांना एकच विनंती आहे, की इथे टोमणे नकोत.

ठाणे, मँचेस्टर युनायटेड

मी युनायटेडचा झालो तो १९९९ च्या मे महिन्यात. केबलवर मध्यरात्री उलटून गेल्यावर चॅम्पियन्स लीगचा बार्सिलोनातला अंतिम सामना चालू होता, रॉय कीन आणि पॉल स्कोल्स दोघेही निलंबनामुळे बाहेर होते, बायर्न म्युनिक एका गोलने पुढे होते आणि भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅमने आणि मग सोल्शायरने गोल केला. त्यानंतर प्रशिक्षक फर्ग्युसन यांच्या निवृत्तीपर्यंत माझ्यासारख्यांची अशी ठाम समजूत होती, की अखेरच्या क्षणी सामना फिरवणे हा या संघाचा स्वभावच आहे. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा संघ ८९ गुणांसह विजेता होता आणि युनायटेडबरोबरचे त्यांचे ते तेरावे लीग विजेतेपद होते. पुढच्याच हंगामात युनायटेड ६४ गुणांवर सातवा आला.

तिथून पुढे मॉइस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि आमोरिम असे एकामागून एक येत राहिले आणि प्रत्येक नावाबरोबर आम्ही नव्याने आशा बांधत राहिलो. पैसा कमी पडला असे कुणी म्हणू शकणार नाही. २०१६ मध्ये पोग्बासाठी मोजलेले ८.९ कोटी पौंड हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता, तर २०१९ मध्ये मॅग्वायरसाठी मोजलेले ८ कोटी हा बचावपटूंमधला विक्रम होता. पण प्रत्येक प्रशिक्षकाची खेळाची रीत निराळी, त्याच्या पसंतीने आणलेले खेळाडू पुढच्याच्या रीतीत बसत नाहीत, आणि कुणाला कशासाठी घ्यायचे हे सलगपणे ठरवणारे वर कुणीच नाही, असे ते चालले. त्यात २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेताना काढलेल्या कर्जाचा मोठा भार क्लबवरच आला होता, त्यामुळे मैदानाची डागडुजी मागे पडली आणि व्याज मात्र वर्षानुवर्षे जात राहिले. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर मुसळधार पावसात आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छतातून पाण्याचे लोट थेट प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळताना मी पडद्यावर पाहिले, तेव्हा माझ्या मनातला सगळा हिशेब मला एका दृश्यात दिसला.

मान्य करण्याची वेळ मात्र मोठ्या पराभवांनी आणली नाही, आणि इतर क्लबांच्या चाहत्यांनाही कदाचित असाच अनुभव असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर ०-५ असे हरवले, मध्यंतरालाच ०-४ झाले होते आणि सालाहचा तिसरा गोल होताच लोक उठून जाऊ लागले. मार्च २०२३ मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ०-७ झाले. अशा सामन्यांनी दोन दिवस जेवण गोड लागत नाही, पण त्यांना अपघात म्हणून बाजूला ठेवता येते, कारण मोठ्या संघांवरही असे दिवस येतात. मला खरे काय ते कळले २०२३-२४ च्या अखेरीस, जेव्हा आम्ही आठवे आलो आणि हंगामभरात केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल अधिक निघाले. ३८ सामन्यांची बेरीज-वजाबाकी अपघात असू शकत नाही. त्याच हंगामात आम्ही मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवून एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, मी मनापासून आनंदलो, आणि तरीही हा संघ सामान्य आहे हे माझे मत त्या आनंदाने पुसले गेले नाही. दोन्ही गोष्टी एकत्र मनात राहू शकतात, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

आता मी काय पाहतो, असे विचाराल तर क्लबच्या अकादमीतून आलेली मुले पाहतो. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत स्वतःच्या अकादमीतला किमान एक खेळाडू असतोच, ही परंपरा युद्धातही तुटली नाही, म्युनिकच्या विमान अपघातानंतरही तुटली नाही, आणि १९७४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरल्यावरही तुटली नाही. त्या एफए कपच्या अंतिम सामन्यातले दोन्ही गोल, गार्नाचो आणि मैनू यांचे, अकादमीतल्याच मुलांचे होते. गुणतक्त्यात आम्ही कुठेही असलो तरी चमूची यादी लागली की मी आधी त्या नावांवर नजर फिरवतो.

बोरिवली, टॉटनहॅम

बिल्बाओचा विषय निघाला आहे म्हणून थोडेसे. ब्रेनन जॉन्सनच्या एकमेव गोलावर आम्ही तो सामना जिंकलो आणि २००८ च्या लीग कपनंतर प्रथमच आमच्या हाती करंडक आला. लीगमध्ये आम्ही १७ वे होतो, म्हणजे पदावनती होणाऱ्या, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकलल्या जाणाऱ्या, तीन संघांच्या अगदी वरचे. करंडक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला पुढच्याच महिन्यात जावे लागले, आणि मला तो निर्णय एकाच वेळी क्रूर आणि समजण्यासारखा वाटला. एखाद्या संघाला थोर म्हणायचे की सामान्य, हे करंडकावरून ठरवायचे की ३८ सामन्यांवरून, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्यापुरता सुटलेला नाही. एवढे मात्र नक्की, की त्या रात्री जे मिळाले ते मला कुठल्याही दुसऱ्या क्रमांकाच्या बदल्यात नको आहे.

लिव्हरपूल, एव्हर्टन

मूळ गाव सांगली, व्यवसायाने डॉक्टर. नोकरीच्या निमित्ताने या शहरात आलो तेव्हा रुग्णालयातल्या ज्या वॉर्डात मला पहिली जागा मिळाली तिथले बहुतेक सहकारी निळे, म्हणजे एव्हर्टनचे होते, आणि त्यांच्याबरोबर मीही निळा झालो. या शहरात एकाच घरात एक भाऊ लाल, म्हणजे लिव्हरपूलचा, आणि दुसरा निळा असतो. निळ्यांना तर यशस्वी संघाचा आरडाओरडा दररोज शेजारून ऐकत जगावे लागते, आणि दूरदेशीच्या चाहत्याला ही बाजू सहजी कळत नाही.

एव्हर्टनने नऊ वेळा लीग जिंकली आहे, शेवटची १९८७ मध्ये. शेवटचा मोठा करंडक १९९५ चा एफए कप, पॉल राइडआउटच्या गोलावर मँचेस्टर युनायटेडला हरवून मिळवलेला. म्हणजे आज तिशी गाठत आलेल्या चाहत्याने आपल्या संघाला एकही मोठा करंडक उंचावताना पाहिलेले नाही. प्रशिक्षक मॉइस यांच्या इथल्या पहिल्या कारकिर्दीत, २००२ ते २०१३ या काळात, संघ बऱ्याचदा पाचवा, सातवा, आठवा यायचा, आणि तेव्हाची मंडळी हे किती दिवस चालायचे म्हणून कुरकुरत असत, असे सहकारी सांगतात. २०१६ नंतर नवे मालक आले, पैसा आला, महागडे खेळाडू आले, प्रशिक्षक येत-जात राहिले, आणि संघ २०२२ मध्ये १६ वा, २०२३ मध्ये १७ वा आला. पाठोपाठ आर्थिक नियमभंगाबद्दल २०२३-२४ मध्ये आधी दहा गुण कापले गेले, अपिलानंतर ते सहावर आले आणि मग आणखी दोन गेले. सातव्या क्रमांकाला कंटाळलेली माणसे काही वर्षांतच १७ व्या क्रमांकासाठी नवस बोलू लागली. सामान्यपणालाही अनेक पायऱ्या असतात आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हे खाली घसरल्यावरच समजते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

मे २०२२ मधली क्रिस्टल पॅलेसविरुद्धची गुरुवारची रात्र मी गुडिसन पार्कवर अनुभवली. ज्यांना ते जुने मैदान ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तिथे काही भागात लाकडी आसने होती, छताचे खांब नेमके नजरेच्या आड येत आणि चेंडू खांबामागे गेला की प्रेक्षक एका लयीत डावी-उजवीकडे झुकत. मैदानाच्या एका कोपऱ्याला खेटून सेंट ल्यूक चर्च उभे आहे. त्या रात्री मध्यंतराला आम्ही ०-२ ने मागे होतो आणि लीगमधले स्थान जाण्याची भीती समोर होती. १९५४ पासून एव्हर्टन सलग पहिल्या श्रेणीत आहे, आणि करंडकांच्या अभावी ही एकच अखंड गोष्ट लोकांनी जपली आहे. मध्यंतरानंतर मायकल कीन, मग रिचार्लिसन आणि ८५ व्या मिनिटाला कॅल्व्हर्ट-लुइन यांनी गोल केले. माझ्या शेजारचे वयस्क गृहस्थ, ज्यांनी ऐंशीच्या दशकातली विजेतेपदे याच मैदानावर पाहिली होती, माझा दंड घट्ट धरून रडत होते. १६ व्या क्रमांकासाठी रडण्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मला त्यांच्याबद्दल तेव्हा जो आदर वाटला तो आजही तितकाच आहे.

१८ मे २०२५ रोजी पुरुष संघ गुडिसनवर शेवटचा खेळला, साउथहॅम्प्टनवर २-० असा विजय मिळवून, आणि आता नदीकाठच्या गोदीत बांधलेल्या नव्या मैदानावर गेला आहे. जुन्या मैदानावर महिला संघ खेळतो. नवे मैदान देखणे आहे आणि सगळीकडून पूर्ण दिसते. संघ अजूनही मधल्या फळीतलाच आहे, आणि मधली फळी किती मोलाची असते हे इथे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

नाशिक, एसी मिलान

२००७ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अथेन्समधल्या अंतिम सामन्यात इंझागीच्या दोन गोलांवर मिलानने लिव्हरपूलला हरवले, ती रात्र मी मैत्रिणींबरोबर वसतिगृहाच्या टीव्ही-खोलीत जागवली होती आणि त्यानंतर माझा क्लब बदलण्याचा प्रश्नच आला नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इब्राहिमोविच आणि थियागो सिल्वा पॅरिसच्या क्लबला विकले गेले, त्याच उन्हाळ्यात नेस्ता, गत्तुसो, सीडॉर्फ आणि इंझागीही गेले, आणि एका पिढीचा संघ एका सुट्टीत संपला. मग आठवा, दहावा, सातवा असे क्रमांक आले. ज्या इंझागीसाठी मी वसतिगृहात जागले होते तेच प्रशिक्षक असताना आम्ही दहावे आलो, आणि त्यांच्यावर रागावणे मला काही केल्या जमेना.

त्या वर्षांत माझ्या आजूबाजूला मिलानचे सामने पाहणारे कुणी उरले नाही. इंग्लंडच्या लीगची चर्चा कार्यालयात होई, बसमध्ये होई, आणि मिलानचे नाव काढले की लोक जुने किस्से सांगत. संघ हरण्यापेक्षा आपल्या क्लबबद्दल सगळे भूतकाळात बोलतात, हे मला अधिक लागत असे. म्हणूनच २०१५ च्या ऑक्टोबरात १६ वर्षांचा दोन्नारुम्मा गोलजाळ्यासमोर उभा राहिला तेव्हा मला धीर आला, कारण वर्तमानात बोलण्यासारखे काहीतरी मिळाले. डिसेंबर २०१९ मध्ये अटलांटाने ५-० असे हरवले, तिथून पुढे संघ खरोखरच उभा राहिला आणि २०२२ मध्ये, ११ वर्षांनी, विजेता झाला. त्यानंतर २०२४-२५ मध्ये आम्ही पुन्हा आठवे आलो आणि युरोपीय स्पर्धांतली जागाही गेली.

दुसऱ्या वेळचे घसरणे मला पहिल्यासारखे जड गेले नाही, हे इथे नोंदवावेसे वाटते. पहिल्या वेळी वाटत होते की काहीतरी चोरीला गेले आहे आणि ते परत मिळायलाच हवे. आता वाटते की विजेतेपद हा संघाच्या आयुष्यातला एक काळ असतो आणि तो गेला तरी संघ राहतो. ठाणेकरांना हे वाचून थोडा धीर येईल, अशी आशा आहे.

पुणे, पुणे एफसी

वरचे सगळे अनुभव वाचताना एकच विचार मनात येत होता, की या मंडळींकडे निदान तक्रार करायला क्लब तरी आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगमध्ये, चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा आला होता. एरवी तो बहुतेकदा मधल्या क्रमांकावर असायचा, बालेवाडीच्या भव्य मैदानात आम्ही मोजकी मंडळी एका कोपऱ्यात बसायचो आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्यांवर चर्चा करत परतायचो. इंडियन सुपर लीग (आयएसएल) आल्यावर २०१५ मध्ये हा संघ थांबला. त्याच वर्षी भारत एफसी एका हंगामानंतर बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मुंबईत याहून वेगळे घडले नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये.

पदावनती झालेला संघ पुन्हा वर येऊ शकतो, कर्जबाजारी संघाला नवा मालक मिळू शकतो, पण बंद झालेल्या संघाचा पाठीराखा कुठे जाणार? माझ्या मते आपल्याकडे क्लब चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा आहे. तो सामान्य राहूनही ५० वर्षे टिकेल अशी व्यवस्था उभी राहणे आधी गरजेचे आहे, आणि ती आपल्याकडे फक्त कोलकात्यात, गोव्यात आणि कोल्हापुरात काही प्रमाणात दिसते. गोव्यातही धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून माघार घेतलीच. पुण्यात कुणी सातव्या क्रमांकाचा संघ देत असेल तर मी आज तिकीट काढायला तयार आहे.

धागाकर्ता

पुणेकरांचा मुद्दा मोलाचा आहे. कोल्हापूर आणि कोलकात्याकडच्या मंडळींनी यावर अवश्य लिहावे. एक प्रश्न माझ्याकडूनही: संघ सामान्य आहे हे मान्य करणे आणि मालकांच्या हलगर्जीपणाकडे डोळेझाक करणे यांत फरक कसा करायचा? चाहता शांत झाला की वरच्यांचे फावते, अशी मला भीती वाटते.

डोंबिवली, आर्सेनल

या प्रश्नाचे उत्तर आमच्या अनुभवातून देण्याचा प्रयत्न करतो. २००४ मध्ये एकही सामना न हरता लीग जिंकलेला आमचा संघ २००६ मध्ये नव्या मैदानावर गेला, त्या बांधकामाच्या कर्जापायी चांगले खेळाडू विकावे लागले, आणि प्रशिक्षक व्हेंगर यांनी त्या काळात संघाला दरवर्षी पहिल्या चारात ठेवले. तेव्हा चौथ्या क्रमांकाची आम्हाला चीड यायची. ऑगस्ट २०११ मधल्या ओल्ड ट्रॅफर्डवरच्या २-८ नंतर तर व्हेंगर यांनी जावे असे उघडपणे म्हटले जाऊ लागले. ते २०१८ मध्ये गेले, आणि २०२० व २०२१ मध्ये आम्ही लागोपाठ आठवे आलो. त्यानंतरच चौथ्या क्रमांकामागे किती काम होते ते लोकांना दिसले.

माझी कसोटी अशी आहे. संघ खाली असताना त्याच्याकडे ठरलेली दिशा आहे का, तरुण खेळाडू वाढत आहेत का, आणि अपयशाची कारणे क्लब उघडपणे मांडतो का, हे पाहावे. आर्टेटा प्रशिक्षक झाल्यावर आम्ही आठवे आलो त्या दोन्ही हंगामांत मला दिशा दिसत होती, म्हणून मी धीर धरला, आणि पुढे २०२३ पासून सलग तीन हंगाम आम्ही दुसरे आलो. दिशा नसेल तर मात्र मान्य करण्याबरोबरच बोलणेही आवश्यक आहे. युनायटेडच्या चाहत्यांनी २०१० मध्ये क्लबच्या मूळच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे गळपट्टे घालून मालकांचा निषेध केला होता, आणि त्याआधी २००५ मध्ये काहींनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा वेगळा क्लबच काढला. ते लोक सामान्यपणाला घाबरले नव्हते. त्यांनी तर थेट खालच्या श्रेणीतून सुरुवात केली.

नागपूर, ईस्ट बंगाल

बँकेच्या बदलीमुळे काही वर्षे कोलकात्यात होतो. एका सहकाऱ्याने, ज्यांना मी दादा म्हणत असे, आग्रहाने सॉल्ट लेकच्या मैदानात नेले आणि लाल-सोनेरी रंगाशी माझी गाठ पडली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या या क्लबला फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी आपले घर मानले. दादांच्या घरी ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा मासा शिजायचा. राष्ट्रीय लीग शेवटची २००३-०४ मध्ये जिंकलेली, त्याच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये, जकार्तातली आसियान क्लब स्पर्धाही जिंकलेली, आणि तिथपासून एका लीगची प्रतीक्षा.

शताब्दीच्या वर्षी, २०२० मध्ये, आम्ही आयएसएलमध्ये आलो आणि दुसऱ्याच हंगामात शेवटचे आलो. गुंतवणूकदार बदलत गेले, प्रत्येक हंगामाआधी करार होणार की नाही याच बातम्या यायच्या, संघबांधणीला वेळ मिळत नसे, आणि शहरातल्याच प्रतिस्पर्धी मोहन बागानविरुद्धच्या लढतीत लागोपाठ पराभव व्हायचे. मी तेव्हा नागपूरला परतलो होतो. दादांना फोन केला की ते सामन्याबद्दल एक शब्द बोलत नसत, तब्येत, हवा-पाणी, सगळे बोलून झाल्यावर शेवटी फक्त म्हणत, पुढचा सामना अमुक तारखेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला जादा वेळेत ओडिशावर ३-२ ने मात करून सुपर कप जिंकला, १२ वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा करंडक आला, तेव्हा त्या फोनवर आम्ही दोघेही नीट बोलू शकलो नाही. त्यानंतरचा आयएसएल हंगाम पुन्हा पराभवांच्या मालिकेने सुरू झाला.

दादा सामान्यपणा मान्य करतात का, असे मी एकदा विचारले. त्यांच्या वडिलांनी या क्लबकडे पाहून या शहरात जगायला बळ मिळवले होते, ते बळ गुणतक्त्यातून आलेले नव्हते, असे त्यांचे म्हणणे. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला तेवढे खोल मूळ नाही, तरी त्यांच्यामुळे मला त्याचा एक धागा मिळाला आहे.

कोथरूड, मँचेस्टर युनायटेड

ठाणेकरांनी सर्व लिहिले आहे, मी फक्त घरातला भाग लिहितो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याने माझ्याबरोबर २०२४-२५ चा हंगाम पाहिला, म्हणजे ४२ गुण आणि १८ पराभव पाहिले. तेव्हाचे प्रशिक्षक आमोरिम यांनीच जानेवारी २०२५ मध्ये हा क्लबच्या इतिहासातला कदाचित सर्वांत वाईट संघ असल्याचे बोलून दाखवले, ते त्याने बातमीत वाचले आणि मला विचारले, "बाबा, मग आपण यांनाच का पाहायचे?" त्याचे मित्र मँचेस्टर सिटीच्या जर्सी घालतात. मी त्याला १९९९ चे गोल दाखवले, पण ते त्याच्यासाठी माझ्या लग्नाच्या चित्रफितीइतकेच जुने आहेत.

मी त्याला अडवले नाही. वाढदिवसाला त्याने सिटीची जर्सी मागितली आणि ती मी आणून दिली. माझा संघ मला माझ्या वयात, माझ्या आनंदातून मिळाला, तसा त्याला त्याचा मिळायला हवा, आणि माझी निष्ठा त्याच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. युनायटेडचा सामना असला की तो अजूनही शेजारी येऊन बसतो, आणि आमच्या बचावातल्या चुका माझ्याआधी ओळखतो.

कोल्हापूर, आमच्या पेठेचा संघ

संघाचे नाव लिहीत नाही, कारण वाचणारे कोल्हापूरकर लगेच ओळखतील आणि धाग्याचा विषय भरकटेल. बाहेरच्यांसाठी थोडी माहिती देतो. इथले फुटबॉल संघ तालमींचे आणि मंडळांचे आहेत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही मोठी नावे. संघ निवडण्याचा प्रश्न इथे येत नाही. ज्या पेठेत जन्मलो त्या पेठेचा संघ आपला, आणि गणेशोत्सवाची वर्गणी मागायला येतात तीच मुले दुपारी चारला शाहू स्टेडियमवर खेळताना दिसतात. आमचा संघ एके काळी अंतिम सामन्यांत असायचा. हल्ली वरच्या गटात टिकला तरी समाधान मानावे लागते.

घसरण कशी झाली ते मी जवळून पाहिले आहे. स्पर्धांच्या बक्षिसांच्या रकमा वाढल्या, मोठ्या संघांनी बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू आणायला सुरुवात केली, मग मागे पडायला नको म्हणून आम्हीही आणले. हंगामाची वर्गणी दोन-तीन जणांच्या मानधनात संपू लागली. पेठेतली मुले राखीव बाकावर बसू लागली, आणि जी चांगली होती ती दुसऱ्या संघांकडे गेली. बाहेरचा खेळाडू पुढच्या वर्षी अधिक पैशाला दुसरीकडे गेला की आमच्याकडे तो नाही आणि आमची मुलेही नाहीत, अशी स्थिती झाली. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. प्रत्येक वर्षी ते वर्ष जिंकायचे होते, एवढेच.

परदेशी क्लबच्या चाहत्याला पराभवानंतर टीव्ही बंद करता येतो. इथे हरलेला गोलरक्षक दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत भेटतो. त्याला काय म्हणायचे, हे ठरवण्यातच आमचे मान्य करणे आले. मी तरुण असताना हरलेल्या खेळाडूंना कट्ट्यावर बसवून सुनावले जात असे, आणि ती मंडळी ऐकूनही घेत. आता मी ते होऊ देत नाही. तालमीच्या मागच्या भिंतीवर त्यांचे धुतलेले बूट ओळीने वाळत असतात, त्यांतल्या निम्म्यांचे तळ शिवलेले आहेत, आणि हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मुलांवर ओरडण्याचा अधिकार उरत नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा, त्यामुळे गुणी मुले कोल्हापुरात नाहीत असे कुणी म्हणू नये.

धागाकर्त्यांनी विचारले आहे की चाहता शांत झाला की वरच्यांचे फावते का. आमच्याकडे वरचे म्हणजे आम्हीच, त्यामुळे उत्तर आम्हालाच द्यावे लागले. गेल्या बैठकीत असे ठरले, की या मोसमात बाहेरचा एकच खेळाडू घ्यायचा आणि उरलेल्या वर्गणीतून पेठेतल्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी प्रशिक्षक नेमायचा. काही जुन्या मंडळींना ते पटलेले नाही, कारण यामुळे निदान दोन-तीन वर्षे आपण खालीच राहू आणि कदाचित वरच्या गटातली जागाही जाईल. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते बैठकीत तसे स्पष्ट बोलले. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला. मुलांची नावनोंदणी सुरू झाली आहे.